झाकणात दिसलेला चेहरा

तुम्ही विचारता ना, मी आता रेसिपीच्या व्हिडिओत चेहरा काहून दाखवून राहिली? ऐका मंग.

आधी सासूबाईचा हुकूम होता, "हात दाखव, पदार्थ दाखव. घरच्या सुनेचं तोंड दुनियेले काहून दाखवाचं वं?" म्हणून स्वयंपाकाच्या ग्रुपवर माह्ये फक्त हातच दिसत.

महालक्ष्म्यांच्या नैवेद्याची कढी केली, तेव्हाही तसंच. व्हिडिओ टाकला, नैवेद्य दाखवला, पंगत बसली. तेवढ्यात सावनेरची नणंद मोबाईल पाहून ओरडली, "वहिनी, ग्रुपवर लोक म्हणून राहिले, तुझा चेहरा दिसला!"

"कुठं?"

"गॅसमागच्या स्टीलच्या झाकणात!"

सासूबाईनं चष्मा लावला, मोबाईल घेतला. तेव्हा मले एकदम आठवलं, कढीचं मीठ मी चाखून पाहिलं होतं. देवीच्या नैवेद्याआधी, चमचा तोंडात घालून!

त्याईनं व्हिडिओ पाहिला. मागं घेऊन पुन्हा पाहिला. पंगतीत सगळे भुरके मारून राहिले होते.

नणंद म्हणे, "आई, काय झालं?"

"काही नाही. कढी वाढ पाहुण्याईले."

मंग मले आत नेलं, दार लोटलं आन् दबक्या आवाजात म्हणाल्या, "देवीची माफी मी मागून घेतो. पण यापुढं व्हिडिओत तोंड दाखवाचं. सुरुवातीपासून शेवटपर्यंत. ते काय करून राहिलं, मले दिसलं पाहिजे."