पासवर्ड न्हाय

राजारामपुरीच्या बसथांब्यावर माझ्या मागं दोघी मैत्रिणी उभ्या होत्या.

"शिवानी, निघाला का दूध संघाचा रिपोर्ट?"

"निघाला की! सकाळपास्नं कॉम्प्युटर पासवर्ड मागत हुता, आणि बाहेर संचालक मंडळ खोळंबलेलं. शेवटी रिटायर झालेल्या गणपतीकाकास्नी नेसरीला फोन लावला."

"मग?"

"'पासवर्ड न्हाय' म्हणाले. रकाना रिकामा सोडला, तर रिपोर्ट उघडंना. परत फोन केला, तर खेकसले, 'न्हाय म्हटलं की!' तवा डोस्क्यात प्रकाश पडला."

"म्हंजे?"

"पासवर्डच 'न्हाय' हुता! इंग्रजी अक्षरांत टाकला, आणि धडाधडा रिपोर्ट छापून आला!"

"अगं बया! आता तरी बदललास का त्यो?"

"व्हय."

"काय ठेवलास?"

"व्हय म्हटलं की!"