दीड सेकंद

आपल्या जलतरण क्लबचे माननीय अध्यक्ष, चिटणीस साहेब, निवासी क्रीडा अकादमीहून वेळात वेळ काढून आलेल्या संचालिका बाई, आजचे सत्कारमूर्ती म्हणजे आपणा सर्वांचे सर, समोर बसलेले पालक, आजी-माजी पोहणारे, आणि मागं भिंतीला टेकून उभी असलेली मुलं, सर्वांना माझा नमस्कार.

मुलांनो, खाली खाऊ मांडून ठेवलाय. आज मोठ्यांच्या आधी तुम्ही घ्या. जा. ढकलाढकली नको, जिना ओला आहे. शेवटचा असेल त्यानं दार ओढून घ्या रे. शाबास.

तर मंडळी, संचालिका बाई सोडल्या तर इथं मला सगळे घड्याळमावशी म्हणून ओळखतात. एकतीस वर्षं मी या तलावाच्या कडेला स्टॉपवॉच घेऊन उभी आहे. क्लबमधली सर्वांत जुनी नोकर म्हणून सरांचं मानपत्र मी वाचावं, असं कार्यकारिणीचं ठरलं. माझा मोठाच बहुमान केलात. मानपत्र सुरेख झालंय. ‘मुलांना पोटच्या लेकरांसारखं जपणारे’ असं त्यात तिसऱ्या ओळीत आहे. खाली पाच सह्यांची जागा आहे, चार झाल्यात, पाचवी माझी. हा कागद सोमवारी सरांबरोबर अकादमीत जाईल. संचालिका बाई, तुमच्या वसतिगृहात दोनशे मुलं राहतात ना? आईबाप लांब, गावोगावी. म्हणजे तिथं हा कागदच काय तो सरांची ओळख सांगणार.

तो वाचण्याआधी मला आमच्या कामाची एक पद्धत सांगायची आहे. बाहेरच्यांना ती माहीत नसते.

आमच्याकडे दर शनिवारी प्रत्येक मुलाची वेळ घेतात. मी घड्याळ दाबते, आकडा रजिस्टरमध्ये लिहिते, सर तो बघतात. ज्याची वेळ घसरली, म्हणजे आधीपेक्षा जास्त सेकंद लागले, त्याला रविवारी जादा सराव. एकट्याला. फाटक बंद, पालक बाहेर. ‘पालकांना आत प्रवेश नाही’ ही पाटी तुम्ही सगळ्यांनी वाचली असेल. ती मीच रंगवली. अक्षर चांगलं आहे म्हणून मला सांगितलं होतं. पालकही कौतुकानं सांगायचे, सर भारी कडक आहेत हो, आम्हालासुद्धा दारात उभं करत नाहीत. टॉवेल आणि पाण्याची बाटली घेऊन रस्त्यावर तास तास थांबायचे बिचारे.

सहा वर्षांपूर्वी एक मुलगी होती. तेरा वर्षांची. तिचं नाव सांगणार नाही, मुलं तिला काय म्हणायची तेही सांगणार नाही. ज्यांच्या लक्षात आलं असेल त्यांनी कृपा करून शेजाऱ्याच्या कानाला लागू नये. एका शनिवारी वेळ दिल्यावर ती अंग न पुसताच माझ्या टेबलापाशी आली. म्हणाली, “मावशी, किती आला?” मी सांगितलं. तर म्हणाली, “थोडा कमी लिहाल का? मला रविवारी नाही यायचं.”

“का गं, झोप येते होय?” मी हसले.

ती हसली नाही. टेबलाची कड धरून उभी राहिली, आणि पाणी टपटप माझ्या रजिस्टरवर पडत होतं. मला वाटलं, सरांच्या बोलण्याला घाबरते पोर. खरं सांगू? तसं वाटणं मला सोयीचं होतं, म्हणून तसं वाटलं. मी पुढचं विचारलं नाही. दीड सेकंद कमी लिहिला. वाटलं, एवढ्यानं कुणाचं काय बिघडतंय? पोरीचा रविवार वाचला. मग पुढच्या शनिवारी पुन्हा दीड. असं सहा शनिवार चाललं. एकतीस वर्षांत मी खोटा आकडा लिहिला तो तेवढाच, आणि मनातून मला माझंच कौतुक वाटत होतं.

चिटणीस साहेब, मला दिलेली पाच मिनिटं अजून झालेली नाहीत. साडेतीन झालीत. आणि त्या माइकवाल्याला बटणापासून दूर व्हायला सांगा. मी या टोकाहून त्या टोकाला पाण्यातल्या पोरांना ऐकू जाईल असं ओरडत आलेय, माझं माइकवाचून अडत नाही.

तर सातव्या आठवड्यात शिबिराची यादी लागली. परगावी, दहा दिवस, निवासी, सरांबरोबर. निवड कशावरून? शनिवारच्या वेळांवरून. यादीत पहिली तीच. तिची आई आनंदानं ऑफिसात आली, माझे दोन्ही हात धरून गेली. मुलगी फळ्यासमोर उभी होती. माझ्याकडे वळून एवढंच म्हणाली, “मावशी, हे काय केलंत?”

तेव्हा मी सांगू शकत होते की वेळा खोट्या आहेत. नोकरी गेली असती. पण पोर वाचली असती. मी सांगितलं नाही. म्हटलं, बाकीचीही मुलं आहेत, काय व्हायचंय! बसमध्ये चढताना तिनं खिडकीची जागा मागितली नाही की आईला हात केला नाही, हेही मी बघितलं, आणि फाटक लावून घेतलं.

शिबिरात काय झालं ते या सभागृहात मी सांगणार नाही. ते तिनं सांगायचं, आणि जिथं सांगायचं तिथं तिनं ते सांगितलंय. इतकंच सांगते की परत आल्यावर ती पाण्यात उतरली नाही. वर्षभर शाळेतही गेली नाही.

आईनं क्लबला पत्र दिलं. चौकशी समिती नेमली गेली: अध्यक्ष, चिटणीस साहेब, आणि एक बाई हवी म्हणून मी. सर आले, शांतपणे बोलले. शिबिरातल्या तिच्या वेळा पुढं ठेवल्या, त्या खऱ्या होत्या, म्हणजे माझ्या रजिस्टरपेक्षा वाईट. चिटणीस साहेब म्हणाले, “इथं पहिली होती, तिथं घसरली. आळस केला, ओरडा खाल्ला, आता सरांवर खापर फोडतेय. रजिस्टर काही खोटं बोलत नाही.” साहेब, आठवतंय ना? तुम्ही माझ्याकडे बघून विचारलंत, “काय मावशी?” आणि मी मान डोलावली. ज्या दीड सेकंदानं तिला वाचवायला निघाले होते, त्याच दीड सेकंदानं तिला लबाड ठरवलं. ते माझ्या हातून झालं. मला त्याची लाज वाटते. सहा वर्षं रोज वाटतेय, पण नुसती वाटून काय उपयोग झाला?

त्यानंतर आणखी दोन पत्रं आली. एक दुसऱ्याच मुलीचं, एक कुणा मुलाच्या वडिलांचं. दोन्ही कपाटात आहेत. आणि आता कार्यकारिणीनं तोडगा काढला, की बभ्रा नको, क्लबचं नाव जाईल, सरांना सन्मानानं निरोप देऊ. म्हणजे आपला तलाव स्वच्छ. सर, बसा. फुलं अजून द्यायची आहेत तुम्हाला. अध्यक्ष, तुम्ही घंटी जरूर वाजवा, मी थांबणार नाही.

पालकहो, तुम्हाला माझी एक विनंती आहे. आज घरी गेल्यावर मुलांना ‘टाइम किती आला’ हे विचारू नका. रविवारी कोण कोण असतं, ते विचारा. आणि उत्तर यायला वेळ लागला तर थांबा. मी थांबले नव्हते. त्या फाटकावरची पाटी मी आज सकाळी काढून ठेवली आहे. उद्यापासून तुम्ही आत येऊन बसा. कुणी अडवलं तर का अडवतोस, ते मोठ्यानं विचारा.

मानपत्र मी वाचणार नाही आणि त्यावर सहीही करणार नाही. चार सह्यांवर ते चालत असेल तर तुमचं तुम्ही बघा.

आपण एवढा वेळ ऐकून घेतलंत, मी सर्वांची ऋणी आहे. समारंभाचा बेरंग केला, बोलण्यात काही कमीजास्त झालं, ते पदरात घ्या. दुसरी एक क्षमा मागायची होती, ती मागायला मी काल तिच्या घरी गेले. आता एकोणीस वर्षांची आहे ती. दारातच सगळं सांगितलं, खोट्या वेळांचंही. आज इथं हे बोलू का, असंही विचारलं. बोला म्हणाली. मग मी माफी मागितली. तिनं दिली नाही. म्हणाली, “ते राहू द्या, मावशी. चपला घाला. आधी पोलिसांत जाऊन येऊ.”

आम्ही जाऊन आलो. दोघींच्या जबाबांवर सह्या झाल्यात. संचालिका बाई, तक्रारीची ही पोच. तिनंच तुमच्यासाठी दिलीय. धरा.