चौसष्ट अक्षरांच्या आत

...आणि वर वस्तीवरचे मलाच विचारतात, यादीतली वस्ती गेली कुठं? मी काय वस्ती खिशात घालून हिंडतोय? तुम्हाला सांगतो, चौऱ्याण्णवचा उन्हाळा, नगरातली एक कचेरी, नाव नको, तिथं कॉम्प्युटरवर मी टँकरची यादी काढतो. यादीत वस्तीचं नाव आलं तर टँकर, नाही तर... बरं, आमचे बन्सीसाहेब जन्मभर कागदातले. "महेंद्र, कपाटात खण, खणात गठ्ठा, गठ्ठ्यात फाईल. मशीनमध्ये तस्संच पाहिजे." केलं तसं. पहिला कप्पा टँकरचा, त्यात साहेबांच्या नावाचा, म्हणजे तपासणीला कुणी आलं तर कळावं काम कुणाचं, मग जिल्हा, तालुका, गाव, आणि सगळ्यात आत गावाबाहेरची वस्ती. आता आमचा डेटाबेस जुना. फाईलपर्यंतचा सगळा रस्ता त्याला एका ओळीत सांगायचा, आणि तो चौसष्ट इंग्रजी अक्षरांच्या आत. चौसष्ट, बरं का. पासष्टावं आलं की फाईल सापडत नाही, आणि यादी तिला गाळून गपचूप पुढं.

रविवारी घरी गेलो, तिसगावच्या पलीकडं, आमच्या भीमनगरात, तर आई रिकामा हंडा पुढ्यात घेऊन बसलेली. "महिंद्रा, टँकर गावातूनच माघारी फिरला. डायवर म्हनला, कागदात तुमची वस्ती न्हाई. कागुद तूच काढतो ना रं?" मीच काढला होता. लाज वाटली मला.

सोमवारी पडद्याला बोट लावून अक्षरं मोजली. सदुसष्ट. साहेबांना म्हटलं, चौसष्टच चालतात, तीन कमी करायचीत. साहेब म्हणाले, "मग शेवटचं नाव काढ की."

"साहेब, शेवटी माझी आई राहते."

साहेबांनी पडद्यावरच्या ओळीवर बोट फिरवलं. आपल्या नावाशी थांबले, म्हणाले, "इंग्रजीत माझं नाव किती अक्षरी रे?" पाच, साहेब. "एकच ठेव. नुसता बी." झाली त्रेसष्ट! टँकर आला. माणूस चांगला हो, उगाच कशाला खोटं बोलू?

आईला सगळं समजावून सांगितलं, मशीनला लांबचा पत्ता वाचता येत नाही म्हणून. ती हंडा घासता घासता म्हणाली, "व्हय? गावाला बी आमी लांबच पडतो. मशीन गावातलंच दिसतंय."

मी दुसरा हंडा घासायला घेतला.

...आणि परवा बन्सीसाहेबांची बदली झाली. नवे साहेब खुर्चीत बसले, पडद्याकडं बघितलं, म्हणाले, "हा बी कोण? काढ त्याला. माझं नाव टाक, पूर्ण." मी चौसष्टाचं सांगायला गेलो, तर म्हणे, "मग शेवटचं काढ की."

नव्या साहेबांचं नाव कानिफनाथ. मोजा तुम्हीच इंग्रजीत. मशीन एका नावाला आठच अक्षरं देतं, तरी एकूण सत्तर.

मी आईला निरोप धाडलाय, हंडे भरून ठेव म्हणून.