कणगीतली टेप

मी फार जपून काम करतो असं तुम्ही म्हणता, म्हणून माझीच एक चूक सांगतो. लोणावळ्याच्या कारखान्यात कॉम्प्युटर नवीन होता. डिस्कवरची सुट्या भागांची यादी वर्षातून एकदा टेपवर उतरवायची. कमांडच्या शेवटी एक अक्षर टाकायचं. एका अक्षराने डिस्कवरचं टेपवर जातं, दुसऱ्याने टेपवरचं डिस्कवर येतं. मी नेमकं दुसरं टाकलं, आणि टेप होती गेल्या वर्षीची. वर्षभराचं काम पुसलं गेलं.

साहेब म्हणाले, "सोमवारी यादी नसेल तर तुम्हीही येऊ नका."

टेप चढवणारा नामदेव म्हणाला, "साहेब, गेल्या शनवारी म्या आणिक एक टेप भरलीया. वडिवळ्याला घरी हाय, बियाण्याच्या कणगीत. भाताचं बी आमी एका जागी ठेवत न्हाई."

जीपने वडिवळं गाठलं, तर नामदेवची आई कणगीला आडवी उभी. "पेरणीआदी कणगी उघडायची न्हाई."

साहेबांनी हात जोडले. "मावशी, आमची पेरणी आजच आहे. आमचं सगळं बी नासलं."

"कुणी नासलं?"

साहेबांनी माझ्याकडे बोट केलं. मावशींनी मला नीट न्याहाळलं आणि कणगीचं झाकण काढलं.

"न्या. पण पेरायला ह्यास्नी लावू नगा."