तारापूरला उतरायचं कुठे?

आजच्या सभेच्या अध्यक्ष आदरणीय चंद्रकांताताई, व्यासपीठावर बसलेले निवृत्त मुख्याध्यापक माननीय बळवंतराव सर, जिच्यासाठी आपण सारे जमलो ती आपली प्रतीक्षा, आणि समोर बसलेल्या माझ्या भजनी मंडळाच्या मैत्रिणींनो, शंभू महादेवाला स्मरून सर्वांना नमस्कार.

मंडळाची वही माझ्याकडे असते, म्हणून आधी सत्कारासाठी आणलेल्या वस्तू सांगते. शाल एक, तीनशे चाळीस. श्रीफळ एक, पस्तीस. मनोरहून पेढे अर्धा किलो, दोनशे साठ. पोस्टकार्डं दहा, रुपये पाच. पोस्टकार्डं कशाला, असं ताईंनी मघाशीच विचारलं. ते शेवटी सांगते.

मी दहावी पास. संगणकाचं मला काय कळणार? पण प्रतीक्षाने काय केलं ते मला नीट कळतं, कारण ते माझ्या घरच्या दुःखातून निघालं.

माझी थोरली बहीण गोजराबाई, आमची आक्का, परभणीकडे असते. आजवर भाऊजींच्या सोबतीने यायची. ते म्हणाले उतर, की उतरायची. भाऊजी गेले. गेल्या श्रावणात माझ्या नातीचं बारसं ठरलं आणि आक्का म्हणाली, पाळणा मीच म्हणणार. तिच्या मुलाने, मनीषने, फोनमधल्या त्या एआय मदतनिसाला विचारलं, मावशीच्या तारापूरला आईने कसं जायचं? त्याने फार गोड भाषेत सांगितलं की मुंबईहून पुढची गाडी धरावी आणि तारापूर स्थानकावर उतरावं. वेळसुद्धा दिली.

आता मला सांगा, आपल्यापैकी कुणी तारापूर स्थानक पाहिलंय का?

एरवी कुणा सहप्रवाशाला विचारलं असतं तर त्याने तिला बोईसरला उतरवलं असतं. पण श्रावणी सोमवार होता. आक्काचं सूर्यास्तापर्यंत मौन. हातात माळ, डोळे पाट्यांवर. बोईसरची पाटी तिने वाचली आणि जागेवर बसून राहिली. डहाणू गेलं, वापी गेलं. आम्ही इकडे फोन करतोय, ती उचलेना. उचलून बोलणार काय? वलसाडला गाडी रिकामी झाली तेव्हा दिवस मावळला होता. तोवर पाळणा शेजारणींनी म्हणून टाकला होता. आक्का तिथूनच परत गेली. दुसऱ्या दिवशी फोनवर एवढंच म्हणाली, "तुझ्या गावाला टेशन नाही. मला पुन्हा बोलावू नको."

चूक यंत्राची म्हणायची की माझी? तीस वर्षं माहेरी मीच "आम्ही तारापूरला असतो" असं सांगत आले. आपण सगळ्याच सांगतो. गाव सांगतो, उतरायचं कुठे ते सांगत नाही.

मी रडत हे प्रतीक्षाला सांगितलं. ती म्हणाली, "काकू, तो मदतनीस खोटं बोलत नाही, अंदाजाने बोलतो. त्याच्या हातात वही नाही."

मी म्हटलं, "मग दे की त्याला वही."

बोलून गेले, आणि तिने ते मनावर घेतलं. संगणकाची नोकरी सांभाळून तिने स्थानकं शोधण्याचं एक साधन तयार केलं. मदतनिसाने प्रवास सांगण्यापूर्वी त्या साधनाला विचारायचं: या नावाचं स्थानक आहे का? नसेल तर जवळचं कोणतं? आणि तिथेही सापडलं नाही, तर माहीत नाही असं सरळ सांगायचं. हे शेवटचं माणसांनाही जमत नाही, असं बळवंतराव सर म्हणाले होते.

स्थानकांची नावं तिला मिळाली. गावांचं काय? संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी वाण म्हणून पेन्सिली दिल्या. एवढंसं वाण म्हणून काही बायकांनी नाकं मुरडली, पण त्याच पेन्सिलीने प्रत्येकीने वहीत आपलं गाव आणि उतरायची जागा लिहिली. घिवलीच्या जमुनाबाई अडून बसल्या. "आमच्या घिवलीला टेशनच नाय. मी काय लिवू?"

"मग पाहुणे उतरतात कुठे?"

"बोयसरला. पुढं रिक्षा. ह्ये तर सगल्यांना म्हाईत हाय."

"फोनला माहीत नाही, आजी," प्रतीक्षा म्हणाली.

"म्हंजे आता मी फोनला शिकवू?" म्हणत त्यांनी ती ओळ लिहिली. जवळच्या माहीम गावच्या बायकांनी लिहिली, मनोरच्या सुनांनी लिहिली. मग वही गावोगावी फिरली, एकशे बारा गावं झाली.

गेल्या आठवड्यात मनीषने पुन्हा विचारलं. या वेळी तो मदतनीस त्या साधनाला विचारून बोलला. उत्तर मनीषने चिठ्ठीवर लिहून आईच्या पिशवीत ठेवलं: "या मार्गावर तारापूर नावाचं स्थानक नाही. बोईसरला उतरा, पुढे रिक्षा."

आज पुन्हा श्रावणी सोमवार. आज सकाळी आक्का बोईसरला उतरली, कुणाला एक अक्षर न विचारता. रिक्षातून उतरून तिने ती चिठ्ठी माझ्या हातात दिली आणि माझ्या तोंडावरून हात फिरवला. ती बघा, तिसऱ्या रांगेत बसली आहे, नात मांडीवर. बोलणार नाही, पण मान हलवतेय. दिवस मावळला की पाळणा म्हणणार आहे. वर्षभर उशिरा, पण म्हणणार आहे. कुणी घरी जाऊ नका.

प्रतीक्षा उद्या हैदराबादला निघते आहे. तिथल्या कंपनीने तिचं साधन वापरायला घेतलंय, ते वाढवणार आहेत. गावांची वही इथे आम्ही चालू ठेवू.

मंडळाने मला बोलायला उभं केलं, आपण निमूट ऐकलंत, याचं ऋण मानते. बोलण्यात कुणाचा मान राहून गेला असेल तर तो माझ्या अज्ञानात जमा करा आणि सोडून द्या.

आणि प्रतीक्षा बाळ, ही दहा पोस्टकार्डं तुझी. माझा पत्ता मी आधीच घातला आहे, आणि प्रत्येकावर तारापूरसोबत बोईसरही लिहिलं आहे. तुझ्या नव्या वस्तीला लोक काय म्हणतात आणि तिथे यायला उतरायचं कुठे, ते पोहोचताच उलट टपाली कळव. वहीतली एकशे तेरावी ओळ रिकामी ठेवली आहे.