फावडेवाल्यांचा पक्ष

– नाही, उष्णता नाही. ते लिहायला लागलात ना, ते आधी खोडा, डॉक्टरबाई. उष्णता असती तर मी सब्जा भिजवून प्याले असते, लघवीची बाटली पिशवीत घालून बमरोलीहून इथवर आले नसते. रक्त जातं आणि दुखत नाही, हे मी दारातून आत येतानाच सांगितलं. दुखत नाही यावर जोर दिला. का दिला? कारण न दुखता जाणारं रक्तच वाईट. कुठे वाचलं म्हणता? इंटरनेटवर. हसा, हसून घ्या. काशीबाई, पासष्ट वर्षांची, शाळेची पायरी चढली नाही, आणि म्हणे इंटरनेट!

आता ऐकाच. आमच्याकडे नळाला पाणी येतं न येतं, म्हणून सगळी वस्ती मिलमधली रिकामी पिंपं आणते – रंगाच्या भुकटीची – घासून धुते आणि वापरायचं पाणी भरून ठेवते. प्यायचं नव्हे, प्यायचं माठात. आमच्या पिंपावरचं नाव काही घासून जाईना. इंग्रजी नाव. इंग्रजी येतं का मला? येतं. मराठी मी नवरा वाणसामान आणायचा त्या पुड्यांच्या कागदावर शिकले, गुजराती सुरतेच्या पाट्यांवर, आणि इंग्रजी आमच्या बुद्धविहारातल्या शब्दकोशावर. बोलायला लावू नका. वाचते मात्र – एक ओळ, मग शब्दकोश, मग पुढची ओळ. तर ते नाव हातावर उतरवून घेतलं आणि गेले नाक्यावरच्या कॉम्प्युटरवाल्याकडे. तो म्हणतो, माजी, अहीं भजन नथी मळतां. म्हटलं, भजन ऐकायचं माझं वय नाही अजून, तू यंत्र चालू कर.

एका बोटाने नाव दाबलं. काय आलं? आधी सगळे विकणारेच आले. पक्का रंग, स्वस्त रंग, वाटेल तेवढा रंग. म्हणजे शेठलोक तिथेही आपल्याआधी पोचलेले! पण मी खाली खाली जात राहिले – भाजीबाजारात मी नेहमी शेवटच्या टोपलीपर्यंत जाते, तशी – आणि तळाला एक पान लागलं. काळंकुट्ट, वर पिवळी अक्षरं, आणि माथ्यावर एक माणूस फावड्याने माती उपसतोय. उपसतोच आहे, दम म्हणून घेत नाही. मी समजले, ही त्यांची निवडणुकीची निशाणी. आपल्याकडे हत्ती, पंजा, तसं यांचं फावडं. मग त्या पानातून दुसरं पान उघडलं, तिथेही फावडं. तिसऱ्यावर, फावडं. म्हटलं केवढा हा पक्ष, देशोदेशी शाखा! वस्तीत येऊन चार जणींना सांगूनही टाकलं, परदेशात फावडेवाल्यांचं राज्य येतंय म्हणून. पुढे तो कॉम्प्युटरवाला पोट धरून हसला – माजी, त्याचा अर्थ पानाचं काम अजून अपुरं आहे. असेल. पण आपलं काम अपुरं आहे असं उघड सांगणारा पक्ष मी उभ्या जन्मात पाहिला नव्हता, म्हणून तर आदर वाटला होता.

आणि काय काय लोक तिथे, डॉक्टरबाई! कैद्यांची पत्रं छापणारे. बियाणं लपवून ठेवणारे. सरकारच नको म्हणणारे, पण त्यांच्यातही दोन गट आणि एकमेकांना शिव्या – ते वाचून अगदी घरच्यासारखं वाटलं. कामच कायमचं बंद करा, दुपारी सगळ्यांनी झोपा म्हणणारी एक संघटना आहे, माझा तिला पाठिंबा आहे. पण ते पहिलं काळं पान, ते होतं जुन्या रंगाऱ्यांचं. त्यांची मिल बंद पडलेली, आणि माणसं एकेक करून गेलेली – मूत्राशयाच्या गाठीने. नावं होती ओळीने. पान चालवते एक विधवा. तिला लिहिलं. काय लिहिलं? माझं इंग्रजी ते, चार शब्द – लाल, लघवी, काळा रंग, सुरत. तिचं उत्तर आलं. पहिला प्रश्न, दुखतं का? आणि शेवटी लिहिलं, डॉक्टर उष्णता म्हणाले तर उठू नका, लघवीतल्या पेशी दुर्बिणीखाली बघायला लावा. म्हणून मी उठत नाही. तुम्ही लिहून द्या.

कोण काम करतं रंगखात्यात? मीच. चार वर्षं झाली. या वयात? का, म्हाताऱ्या माणसाला पोट नसतं? भुकटी पिंपातून डब्याने उपसायची, पाण्यात ढवळायची, तोंडाला रुमाल, तोही दुपारपर्यंत काळा. नाकातून काळं, थुंकीत काळं, उशी रोज धुवा रोज काळी – आणि ते अंगात असं मुरलंय म्हणून सांगू, सुट्टीच्या दिवशीसुद्धा दाढी करायला बसलं की साबणाचा फेस निळसर होतो, आरशात बघून हसतो मेला, म्हणतो आई, मी कृष्ण –

– काय झालं? लिहा ना. पेन का ठेवलंत?

...

हो. बरं. हो. दाढी माझी नाही, लोकेशची. माझा धाकटा. बाटली त्याची. साखर तपासायची आहे म्हणून भरून घेतली. त्याला यायला सांगितलंय मी, हातापाया पडून सांगितलंय, पण शेजारचा दत्तू मिलच्या डॉक्टरला लाल लघवी सांगून आला आणि आठवड्यात त्याचा गेटपास बंद. घरी बसलाय. मग लोकेश कसा येईल? म्हणून म्हटलं माझ्या नावाने आजार लावा. मला कोण कामावरून काढणार? माझं गेलं तरी काय जाणार?

नाही चालत? ... माझ्या नावाने तपासलं तर औषध मला, आणि गाठ त्याला. हं. ते मला कळायला हवं होतं, एवढा शब्दकोश पालथा घातला. ... इथला कागद मिलमध्ये जाणार नाही? कुणाच्या शब्दावर? तुमच्या? नुसत्या शब्दावर? ... बघा हं माझ्याकडे. परत म्हणा.

बरं. रविवारी आणते त्याला. तीस वर्षांचा घोडा, ओढून आणते. एकच ऐका. जे काय निघेल ते तुम्ही सरळ त्यालाच सांगा. आधी मला नका सांगू. मला आधी कळलं तर मी बोलेन, आणि मी बोलायला लागले की त्याला बोलता येत नाही, लहानपणापासूनच. मी बाहेर बाकावर बसेन. दार लावून घ्या तुम्ही.

उठते. बाहेरच्या त्या खोकणाऱ्याला घ्या आत.