एसटीनं येणारी भाकर

नाय पण मला एक सांगा, ‘या जेवायला’ म्हणलं म्हणून कुणी खरंच जेवायला येतंय का? आमच्या अजिंठ्याकडं कुणी जेवत बसलं अन् वाटंनं कुणी चाललं, तर आपण म्हणायचं ‘या जेवायला’, त्यानं म्हणायचं ‘होऊ द्या’, अन् सरळ पुढं चालायचं, मग तो दोन दिसांचा उपाशी का असंना. म्हणायचं असतंय, यायचं नसतंय. एवढं शेंबड्या पोराला कळतंय, अन् संभाजीनगरच्या शिकलेल्या माणसायला कळू नये?

तुम्हाला सांगते, उन्हाळ्यात मी इंटर्नशिपला गेले, गारखेड्यात, मंजुषा मॅडमच्या हापिसात. लोकायच्या घराचं इंटेरियर करतेत त्या. माझं काम काय, तर दिवसभर कॉम्प्युटरवर दुसऱ्याच्या स्वयंपाकघराचं चित्र काढायचं... ओटा इथं, चिमणी तिथं, मसाल्याचा कप्पा ओढला की भाईर. अन् मी राहाते कुठं, तर कॉट बेसिसवर, जिथं घोटभर चहा करावा म्हणलं तरी मालकीण वरून वरडणार, ‘गॅस कुणी पेटवला गं?’ मेसची पोळी तर अशी वातड की दातात धरून ओढावी लागायची. आठवड्यात मी फोनवर आईजवळ रडले. आमची आई बानाबाई, तिला रडणं ऐकवतंय व्हय? दुसऱ्या दिवसापासून पहाटं उठून भाकरी थापायला लागली अन् पहिल्या एसटीच्या कंडक्टरजवळ डबा द्यायला लागली. मी स्टँडवर जाऊन घ्यायचा.

डबा हातात आला की फडक्याला आमच्या चुलीचा वास यायचा. रिक्षात मांडीवर घेऊन बसायचे, अन् खरं सांगते, डोळे भरून यायचे. लई आठवण यायची हो आईची. वाटायचं, दुपारी ही भाकर सुखानं पोटभर खाल्ली की घरी जाऊन आल्यावाणी होईल. दुसरं काही मागत नव्हते मी त्या शहराजवळ.

दुपार झाली, डबा उघडला, अन् मेली जीभच आमच्या वळणाची, म्हणलं, ‘या जेवायला.’

आले ना हो! पलीकडच्या टेबलावरचा सत्यम खुर्चीसकट घसरत आला, ‘अरे क्या बात है, ठेचा? सरक जरा उधर.’ माझ्या शेजारी बसणारी श्रेया म्हणती, ‘मी डाएटवर आहे, एकच घास हं,’ अन् त्या एका घासात अर्धी भाकर! मॅडम केबिनमधून, ‘कसला गं वास येतोय? शेंगदाण्याची चटणी का?’ अन् आल्याच. मला काय उरलं, तर फडकं. म्हणायचं असतंय, यायचं नसतंय, पण आता तोंडावर सांगावं कसं? भीड भिकेची बहीण म्हणतेत ते उगं नाय.

आईला फोन केला, म्हणलं डबा पुरंना. तिला काय आनंद झाला! आबा मेंढरं घेऊन निघालेले, त्यांना मागून वरडून सांगती, ‘ऐकलं का, पोरीची भूक वाढली!’ तिनं भाकरी वाढवल्या, तर ह्यांनी माणसं वाढवली. शेजारच्या हापिसातले टॅक्सवाले अप्पाराव तर ताट घेऊनच यायला लागले... म्हणजे बघा, माझी आई कितीबी थापंना, मी आपली फडक्याचा वास घेऊन पाणी प्यायची.

मग एक दिवस ठरवलं, आज म्हणायचंच नाय. तोंड भिंतीकडं केलं, डबा उघडला, घास मोडला. पण हात काय तोंडाकडं जाईना. चार माणसं बसलेली अन् आपण न विचारता खायचं, चोरून खाल्ल्यावाणी वाटलं. हळूच मान वळवली, तर सगळे कॉम्प्युटरकडं बघतेत, पण बोट कुणाचंच हलंना. मॅडम म्हणल्या, ‘चालू दे अक्षदा तुझं. आई गेल्यापासून अशी भाकरी खाल्ली नव्हती गं मी. म्हणून येत होते, सवय लागली.’

माझी आई लांब का होईना, हाय तरी. डबा मधी सरकवला अन् म्हणलं, ‘या जेवायला.’ त्या दिवशी मनापासून म्हणलं.

इंटर्नशिप संपली. कॉलेजात सर विचारतेत, काय शिकलीस? म्हणलं, ओटा किती उंच ठेवायचा ते शिकले, पण आईबिगर जेवायला नाय शिकले. अन् गावाकडं निघाले. गाडीत बसल्यापासून डोळ्यापुढं एकच, उद्या चुलीम्होरं बसायचं, तव्यावरची भाकर सरळ ताटात घ्यायची, अन् कुणाला म्हणून बोलवायचं नाय.

पहाटं थापायचा आवाज ऐकला, तशी उठून चुलीम्होरं ताट घेऊन बसले. आईनं टम्म फुगलेली भाकर काढली, माझ्या ताटावरून पलीकडं नेली अन् फडक्यात गुंडाळली. दुसरी काढली, तीबी फडक्यात. तिसरी, तीबी.

म्हणलं, ‘आई, आता कुणाचा डबा?’

‘तुझ्या मॅडमचा. काल फोन आलता, बिनआईचं लेकरू हाय गं ती. म्हणलं, सोमवारच्या सोमवारी धाडीन.’

‘अन् मला?’

‘रातची हाय की टोपल्यात. तू काय, घरचीच हायस.’

खाल्ली मग. चहात बुडवून.